टी.व्ही. बिघडला, तर आधी काय पाहावे?



माणूस आजारी पडला, की वैद्य आधी काय करतो? लगेच पोट फाडतो का? नाही. तो नाडी पाहतो. जीभ पाहतो. पोटावर हात ठेवतो. "कधीपासून दुखतं? काय खाल्लं होतं?" म्हणून विचारतो. पुष्कळ दुखणी अशी बाहेरूनच कळतात.

टी.व्ही.चेही तसेच आहे. येथे आम्ही जुन्या टी.व्ही.बद्दल बोलत आहोत. पुढे काच, मागे कुबड, आणि उचलायला दोन माणसे लागावीत असा पेटीचा टी.व्ही. शहरात आता भिंतीवर टांगायचे पातळ टी.व्ही. आले. खेड्यातही आले. तरी काही घरांत जुनी पेटी अजून चालू आहे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली आपल्या देशात रंगीत चित्र आले. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागू लागले. तेव्हा गावात एखाद्याच घरी टी.व्ही. असे. तो ओट्यावर आणून ठेवत आणि सारा गाव पुढे बसे. लाईट नसली, तर छोटा काळा-पांढरा टी.व्ही. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावत. तुमच्यापैकी पुष्कळांना ते दिवस आठवत असतील.

आता असा टी.व्ही. दुकानात नवा मिळत नाही. ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तो जपावा. आणि त्याच्यापासून स्वतःलाही जपावे. या दोन्ही गोष्टी कशा करायच्या, ते या धड्यात पाहू.

आमच्या हातून झालेली चूक

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. प्राथमिक शाळेत मास्तर होतो. पुढे मुख्याध्यापक झालो आणि निवृत्त झालो. विजेच्या कामाची आम्हाला पहिल्यापासून आवड. थोडे पुस्तकात वाचले, थोडे एका मेकॅनिकजवळ बसून पाहिले. गावात कोणाचा रेडिओ किंवा टी.व्ही. बंद पडला, की लोक आम्हाला विचारत. त्याचा आम्हाला थोडा अभिमानही वाटे.

२००३ सालच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या धाकट्या भावाचा रंगीत टी.व्ही. त्रास देऊ लागला. चित्र येई आणि जाई. भाऊ म्हणाला, "दादा, मागचं झाकण काढून धूळ पुसू का?"

आम्ही पेपर वाचत होतो. मान वर न करताच म्हणालो, "पूस. आधी पिन काढ, म्हणजे झालं."

त्याने टी.व्ही. बंद केला. पिन काढली. टी.व्ही. उंच फळीवर होता, म्हणून तो स्टुलावर चढला. झाकण उघडून फडक्याने धूळ पुसू लागला. आत काचेच्या नळीवर वाटीएवढी एक रबरी टोपी असते. पुसता पुसता त्याचे बोट त्या टोपीखाली गेले. "फट्" असा आवाज झाला. हात झटक्याने मागे आला, आणि भाऊ स्टुलासकट खाली पडला. डोके उंबऱ्यावर आपटले. भावजय ओरडत बाहेर आली.

डोक्याला चार टाके पडले. हात दोन दिवस जड होता. जीव वाचला, हे नशीब.

दवाखान्यातून घरी आल्यावर भावाने एकच गोष्ट विचारली. "दादा, पिन तर काढली होती. मग करंट आला कुठून?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. शाळेत आम्ही मुलांना शिकवीत होतो, "ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही असे सांगावे." आणि घरात मात्र अर्धे ठाऊक असताना पुरते ठाऊक असल्यासारखे बोललो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही मागाहून शोधले. ते तुम्हाला सांगावे, म्हणून हा धडा लिहिला आहे.

पेटीच्या आत काय असते?

टी.व्ही.च्या पेटीत काचेची एक मोठी नळी असते. तिला पिक्चर ट्यूब म्हणतात. तिचा पुढचा भाग म्हणजे आपण पाहतो तो पडदा. मागचा भाग बाटलीच्या मानेसारखा निमुळता असतो. नळीच्या आतली हवा काढून टाकलेली असते.

मानेच्या आत एक बारीक तार तापते. तिच्या उष्णतेने विजेचे अगदी सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि पडद्याकडे धाव घेतात. पडद्याला आतून एक पूड लावलेली असते. कण जेथे आदळतात, तेथे ती पूड चमकते. त्या चमकण्यातून चित्र तयार होते.

आता गंमत पाहा. हे चित्र एकदम उमटत नाही. आपण पुस्तक कसे वाचतो? डावीकडून उजवीकडे. एक ओळ संपली, की तिच्या खालची ओळ. टी.व्ही.तले कणही पडदा असाच भरतात. आपल्याकडच्या या टी.व्ही.चे एक चित्र ६२५ ओळींचे असते. आणि अशी २५ चित्रे एका सेकंदात होतात! आपला डोळा इतका चपळ नाही. म्हणून आपल्याला हलते, पुरे चित्र दिसते.

कणांना एवढ्या वेगाने पडद्याकडे ओढायला मोठा जोर लागतो. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. टी.व्ही.च्या आत तिच्यापासून फार मोठा दाब तयार करतात. काळ्या-पांढऱ्या टी.व्ही.त तो दहा हजार व्होल्टच्याही वर असतो. मोठ्या रंगीत टी.व्ही.त तो वीस ते पंचवीस हजार व्होल्टपर्यंत जातो. ही वीज त्या रबरी टोपीखालून नळीत शिरते.

काचेच्या नळीला आतून आणि बाहेरून असे दोन लेप असतात. मध्ये काच. अशा दोन लेपांमध्ये वीज साठून राहते. टी.व्ही. बंद केला, तरी ती लगेच जात नाही. काही तास राहू शकते. कधी त्याहून जास्तही.

नळ बंद केला, म्हणून भरलेली घागर रिकामी होते का? नाही ना? पिन काढणे म्हणजे नळ बंद करणे. घागर भरलेलीच असते.

आमच्या भावाच्या प्रश्नाचे उत्तर हे. करंट भिंतीतून आला नाही. तो पेटीत साठलेला होता.

शिवाय आत एक मोठा कंडेन्सर असतो. तोही वीज साठवतो. त्यात ३०० व्होल्टच्या वर वीज राहू शकते. म्हणून एक नियम पक्का करा. टी.व्ही.चे मागचे झाकण आपण उघडायचे नाही. पिन काढली असली, तरी नाही. ज्याला साठलेली वीज रीतसर उतरवता येते, त्याचेच ते काम.

मग आपल्या हातात काय उरले? पुष्कळ उरले. पुढे वाचा.

भिंतीपासून पेटीपर्यंत

समजा, टी.व्ही. अगदीच बंद आहे. दिवा नाही, आवाज नाही, चित्र नाही. अशा वेळी भिंतीपासून सुरुवात करा आणि एक एक पायरी पेटीकडे या. पाटाचे पाणी शेतात आले नाही, तर आपण विहिरीपासून पाट पाहत येतो. तसेच हे.

पहिली पायरी. घरात वीज आहे का? बल्ब लावून पाहा. बल्ब मिणमिणतो का? पंखा सावकाश फिरतो का? मग व्होल्टेज कमी आहे. टी.व्ही.चा दोष नाही.

दुसरी पायरी. सॉकेटमध्ये वीज येते का? टी.व्ही.ची पिन काढा. तेथेच मोबाईलचा चार्जर लावा. मोबाईल चार्ज होऊ लागला, तर सॉकेट ठीक आहे. नाहीतर दोष सॉकेटमध्ये आहे. वायरमनला बोलवा.

तिसरी पायरी. पिन आणि वायर पाहा. सॉकेट काळे पडले आहे का? पिन ढिली बसते का? लावताना ठिणगी पडते का? वायर पिनेजवळ मोडली आहे का? उंदराने कुरतडली आहे का? वायर पाहण्याआधी पिन काढून ठेवा. तुटक्या वायरला औषधाची चिकटपट्टी किंवा प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळू नका. वायर नवी घाला. आणि पिन काढताना नेहमी पिनेला धरा. वायरीला धरून ओढू नका.

चौथी पायरी. स्टॅबिलायझर असला, तर त्याचा दिवा पाहा. दिवा लागत नसेल, तर बहुधा त्याचा फ्यूज गेला असेल. फ्यूज जेवढ्या ॲम्पिअरचा होता, तेवढ्याचाच घाला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालू नका. फ्यूज हा राखणदार आहे. संकट आले, की तो स्वतः जळतो आणि घर वाचवतो. राखणदाराच्या जागी बुजगावणे उभे केले, तर चोर सापडेल का?

पाचवी पायरी. टी.व्ही.चे स्वतःचे बटण दाबले आहे का? पुष्कळदा ते बंद असते आणि आपण रिमोट दाबत बसतो. पुढचा लहान लाल दिवा लागला असेल, तर टी.व्ही.ला वीज मिळते आहे. मग रिमोट पाहा. मोबाईलचा कॅमेरा सुरू करा. रिमोटचे पुढचे टोक कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच मोबाईलमध्ये रिमोटच्या टोकाला उजेड चमकलेला दिसतो. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. उजेड दिसला नाही, तर आधी सेल बदला.

या पाचही पायऱ्या झाल्या आणि तरी टी.व्ही. बंदच आहे? मग दोष पेटीच्या आत आहे. आता मेकॅनिक.

आमच्या साक्षरता वर्गात एक मावशी येत. त्यांचा टी.व्ही. असाच पुरता बंद पडला. तालुक्याच्या गावी एकाने पाहिला आणि सांगितले, "पिक्चर ट्यूब गेली. मोठा खर्च आहे." मावशींनी विचारले, "दादा, साधा लाल दिवासुद्धा लागत नाही. मग चित्राची नळी गेली, हे तुम्हाला कशावरून कळलं?" तो गप्प बसला. मावशींनी टी.व्ही. परत आणला. आम्ही पायरी पायरीने पाहिले. चौथ्या पायरीवर थांबलो. स्टॅबिलायझरचा फ्यूज गेला होता. काम दहा रुपयांत झाले.

मावशी म्हणाल्या, "गुरुजी, विचारलं म्हणून वाचले." त्यांचे म्हणणे खरे आहे.

पडदा काय सांगतो?

आता समजा, टी.व्ही. चालू होतो, पण चित्र नीट नाही. अशा वेळी पडदाच आपल्याला दुखणे सांगतो. त्याची भाषा वाचायला शिकू.

मुंग्या. सगळ्या पडद्यावर मुंग्या दिसतात आणि "सूं" असा आवाज येतो. घाबरू नका. टी.व्ही. ठीक आहे. त्याला बाहेरून चित्र मिळत नाही, इतकेच. घरावरच्या जुन्या ॲण्टेनावर दूरदर्शन दिसे, ते मनोरे २०२२ सालापर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले. तेव्हा ॲण्टेना कितीही फिरवला, तरी मुंग्याच दिसणार. आता छत्री आणि बॉक्स लागतो. बॉक्स असूनही मुंग्या दिसल्या, तर बॉक्सच्या तीन वायरी पाहा. पिवळी वायर चित्राची. पांढरी आणि लाल आवाजाची. ज्या त्या रंगाच्या भोकात ती ती वायर घट्ट बसली पाहिजे. मग रिमोटवरचे ए.व्ही. लिहिलेले बटण दाबा.

पडद्यावर अक्षरे. "सिग्नल नाही" अशी अक्षरे स्वच्छ दिसतात. अक्षरे दिसतात, म्हणजे टी.व्ही. चांगला आहे. दोष छत्रीत किंवा तिच्या वायरीत आहे. मोठा पाऊस असेल, तर थोडे थांबा. आभाळ मोकळे झाले, की चित्र येते.

एकच आडवी रेघ. पडद्याच्या मधोमध एक आडवी, झगझगीत रेघ दिसते. बाकी सगळे काळे. येथे पुस्तकाची गोष्ट आठवा. कण डावीकडून उजवीकडे जातात, पण खाली उतरत नाहीत. सगळ्या ओळी एकाच ओळीवर पडतात. खालीवर नेणारा भाग बिघडला आहे. टी.व्ही. लगेच बंद करा. नाहीतर त्या रेघेवरची पूड जळेल आणि तेथे कायमचा डाग पडेल. हा दोष पिक्चर ट्यूबचा नाही. बहुधा आतला एखादा लहान भाग बदलून काम होते.

एकच उभी रेघ. येथे उलटे झाले. कण खालीवर जातात, पण आडवे जात नाहीत. हाही आतला दोष. बंद करा.

आखडलेले चित्र. चित्र चारी बाजूंनी लहान होते, थरथरते. आधी घरातले व्होल्टेज पाहा. ते ठीक असेल, तर आतला कंडेन्सर सुकला असेल. जुन्या टी.व्ही.त हे नेहमी घडते.

रंगाचे डाग. कोपऱ्यात हिरवा किंवा जांभळा डाग दिसतो. जवळ मोठा स्पीकर ठेवला आहे का? मुलांनी पडद्याला लोहचुंबक लावले का? चुंबक कणांना वाट चुकवतो. स्पीकर दूर करा. नंतर टी.व्ही. अर्धा तास बंद ठेवा आणि पुन्हा लावा. रंगीत टी.व्ही. लावताना "हुम्म" असा आवाज येतो ना? तेव्हा आतले एक वेटोळे चुंबकाचा परिणाम पुसून टाकते. पण एकदा काम केल्यावर त्याचा भाग गरम होतो. तो थंड झाल्यावरच वेटोळे पुन्हा काम करते. म्हणून अर्धा तास. असे दोन-तीनदा करूनही डाग गेला नाही, तर मेकॅनिकला दाखवा.

उशिरा येणारे चित्र. टी.व्ही. लावल्यावर चित्र फार अंधूक असते. पाच-दहा मिनिटांनी हळूहळू उजळते. दिवसेंदिवस हा वेळ वाढत जातो. ही मात्र पिक्चर ट्यूबची खूण आहे. ती म्हातारी झाली. अशा टी.व्ही.वर मोठा खर्च करू नये.

थापेचा टी.व्ही. काही टी.व्ही. थाप मारल्याशिवाय चालत नाहीत. घरोघर हा उपाय ठाऊक आहे. थाप मारल्यावर चालतो, म्हणजे आत कोठेतरी डाग दिलेला जोड सुटला आहे. मेकॅनिक याला ड्राय सोल्डर म्हणतात. जोडाला पुन्हा डाग दिला, की टी.व्ही. बरा होतो. काम थोडक्यात होते. पण थापा मारत राहिले, तर त्या जोडात ठिणग्या पडतात आणि आतली पट्टी जळते. तेव्हा थाप हे औषध नव्हे. ती फक्त दुखण्याची खूण आहे.

टिक टिक आवाज आणि जळका वास. पावसाळ्यात आतल्या धुळीला ओल येते. मग मोठ्या दाबाची वीज वाट सोडून उडी मारते. टिक टिक आवाज येतो. मागच्या फटीतून निळा उजेड दिसतो. असे झाले किंवा जळका वास आला, तर चित्र कितीही चांगले असो, उठा आणि वीज बंद करा. भिंतीवरचे बटण बंद करून पिन काढा. धूर निघत असेल, तर मेन स्विच बंद करा. टी.व्ही.वर पाणी टाकू नका.

मेकॅनिककडे गेल्यावर

मेकॅनिकला "टी.व्ही. बिघडला" एवढेच सांगू नका. काय दिसले, ते सांगा. "आवाज येतो, चित्र नाही." "मधोमध आडवी रेघ आहे." "थाप मारल्यावर चालतो." वैद्याला दुखणे नीट सांगितले, तर औषध नीट मिळते.

चांगला मेकॅनिक बंद टी.व्ही. एकदम भिंतीच्या विजेला लावत नाही. तो मध्ये १०० वॅटचा एक बल्ब जोडतो. टी.व्ही.त मोठा दोष असेल, तर बल्ब लख्ख पेटतो आणि तसाच राहतो. टी.व्ही. जळत नाही. बल्ब आधी पेटून मग मंद झाला, तर पुढचे पाहता येते. असा बल्ब दिसला, तर समजा, माणूस जपून काम करणारा आहे.

काम सुरू करण्याआधी खर्च विचारा. जुना भाग काढला, तर तो परत मागा. यात लाजायचे काही नाही. मेहनतीचा पैसा मेकॅनिकचाही आहे आणि आपलाही आहे. खरा कारागीर प्रश्नाला रागावत नाही.

टी.व्ही. पुरता गेला, तर भंगारात देताना ट्यूब फोडू नका. आत हवा नसल्यामुळे काच जोराने फुटून उडते. काचेत शिसेही असते. ते अंगाला आणि जमिनीला वाईट. अशा वस्तू रीतसर गोळा करणाऱ्याकडे टी.व्ही. अख्खाच द्या.

दोन मोठी संकटे

पहिले संकट डी.पी.वरचे. कधी डी.पी.वर किंवा खांबावर न्यूट्रलची तार तुटते. मग एका घरात बल्ब एकदम लख्ख होतात आणि दुसऱ्या घरात मिणमिणतात. जेथे लख्ख होतात, तेथे वीज ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकते. एका घटकेत अर्ध्या गावाचे टी.व्ही. जळतात. बल्ब एकाएकी लख्ख झाले, तर विचार करत बसू नका. मेन स्विच बंद करा. मग वायरमनला कळवा.

दुसरे संकट आकाशातले. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार होतात. ढग दाटून येऊ लागले, की टी.व्ही.ची आणि बॉक्सची पिन काढा. छत्रीची वायरही काढून ठेवा. वीज कडाडू लागल्यावर मात्र वायरीला हात लावायला जाऊ नका. जुना ॲण्टेना किंवा छत्री उतरवताना वर विजेच्या तारा आहेत का, ते पाहा. लोखंडी नळी तारेला लागली, तर माणूस वाचत नाही.

कोणाला शॉक बसला तर

त्याला हात लावू नका. हात लावला, तर तुम्हीही चिकटाल. आधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने घरातली वायर त्याच्यापासून दूर सारा. खांबावरची तार तुटून पडली असेल, तर काठीनेही जवळ जाऊ नका. दूर उभे राहा, इतरांना अडवा आणि वीज बंद करवा.

वीज बंद झाल्यावर माणूस श्वास घेतो का, ते पाहा. लगेच १०८ नंबरला फोन करा. श्वास नसेल, तर त्याला पाठीवर निजवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाबा आणि सोडा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. गाडी येईपर्यंत थांबू नका.

माणूस उठून बसला, "काही झालं नाही" म्हणाला, तरी त्याला डॉक्टरला दाखवाच. विजेचा धक्का आत हृदयाला लागलेला असू शकतो.

शेवटी

आमच्या भावाच्या कपाळावर टाक्यांची खूण अजून आहे. तो आमच्यावर कधी रागावला नाही. पण ती खूण दिसली, की आम्हाला आमचे ते वाक्य आठवते. "पिन काढ, म्हणजे झालं." आता गावात कोणी टी.व्ही.चे झाकण उघडायला निघाला, तर आमच्या आधी भाऊच सांगतो, "थांब गड्या. घागर भरलेली असते."

विजेचे भय बाळगून अंधारात बसू नये. आणि अर्धे शिकून धाडसही करू नये. बाहेरचे आपण पाहावे. आतले जाणत्याने पाहावे. आणि दोन्हींमधली रेघ ओळखावी.

लक्षात ठेवा

१. पिन काढली, तरी पेटीत वीज साठलेली असते. झाकण उघडू नका.
२. टी.व्ही. बंद पडला, तर भिंतीपासून पेटीपर्यंत एक एक पायरी पाहा.
३. मुंग्या दिसल्या, तर आधी छत्री, बॉक्स आणि वायरी पाहा.
४. एकच रेघ, टिक टिक आवाज, जळका वास: लगेच बंद करा.
५. फ्यूजच्या जागी तार घालू नका.
६. मेकॅनिकला काय दिसले, ते नीट सांगा. खर्च आधी विचारा.

प्रश्न

१. पिन काढल्यावरही लेखकाच्या भावाला शॉक का बसला?
२. टी.व्ही.तले चित्र आणि पुस्तकाचे पान यांत काय सारखे आहे?
३. मधोमध एकच आडवी रेघ दिसली, तर काय बिघडले असेल?
४. मावशींनी कोणता प्रश्न विचारला? तो बरोबर का होता?
५. बल्ब एकाएकी लख्ख झाले, तर तुम्ही काय कराल?

करून पाहा

आपल्या घरातला मेन स्विच कोठे आहे? घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, आज तो दाखवा. तो बंद कसा करतात, ते त्यांच्याकडून करवून घ्या. मग एका कागदावर मोठ्या अक्षरांत "मेन स्विच" असे लिहा आणि तो कागद स्विचजवळच्या भिंतीवर चिकटवा.

शब्दांचे अर्थ

व्होल्ट: विजेचा दाब मोजण्याचे माप.
ॲम्पिअर: विजेचा प्रवाह मोजण्याचे माप.
कंडेन्सर: वीज साठवणारा भाग.
स्टॅबिलायझर: कमीजास्त होणारी वीज सारखी करणारी पेटी.
डी.पी.: खांबावरची वीज घराला लागेल इतकी कमी करून देणारी पेटी.